अव्यास, शुक्राच्या ठिपक्यावरून

प्रिय अव्या,

तुझा मेसेज मंगळवारीच पाहिला होता, पण दोन ओळीत उत्तर द्यावंसं वाटेना म्हणून आज रविवारी निवांत बसलोय. दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टी सापडली म्हणे, वर्गात पोरांना सांगू का, असं विचारलंयस. ग्रहाबद्दल जरूर सांग रे, फक्त "सापडली" म्हणू नकोस.

८ जून २००४ आठवतोय का? तुमच्या गच्चीवर वेल्डिंगची काच घेऊन आपण शुक्राचं अधिक्रमण बघत होतो, सूर्यावर तो तिळाएवढा काळा ठिपका, तू वहीत टाइम लिहून घेत होतास आणि ढग आला की माझा जीव वरखाली व्हायचा. मी आज जे काम करतो ते मुळात तेच आहे बघ. फक्त तारे इतके लांब की ठिपका काही दिसत नाही, ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरा उतरतो आणि मग परत चढतो, एवढंच हातात येतं.

हा के२-१८बी आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षं लांब, सिंह राशीत, पृथ्वीच्या साधारण अडीचपट मोठा, ३३ दिवसांत त्याचं वर्ष संपतं. तो समोर आला की ताऱ्याच्या उजेडातले दहा हजारातले जेमतेम तीस रुपये कमी होतात असं समज, आणि त्या तीसमधला हवेचा वाटा असतो रुपयाभर! ग्रहाच्या कडेच्या हवेतून ताऱ्याचा उजेड गाळून आपल्यापर्यंत येतो, प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा उजेड खातो, त्या तरंगलांबीला ग्रह किंचित मोठा दिसतो आणि तो किंचितपणा मोजण्यात आमची वर्षं जातात. २०२२ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने वास्प-३९बी या दुसऱ्या एका ग्रहाचा डेटा दिला तेव्हा ४.३ मायक्रॉन तरंगलांबीला कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा असा टेकडीसारखा उभा होता, कोणी समजावून सांगायची गरजच नाही. मी तो आलेख किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

पण सगळे ग्रह असे दिलदार नसतात. याच के२-१८बी वर २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या डेटावरून पाण्याची वाफ आहे असं जाहीर झालं होतं, तेव्हाही पेपरात मोठमोठे मथळे आले. २०२३ मध्ये वेबने बघितलं तर तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याचा ठोस पुरावा नाहीच, कारण १.४ मायक्रॉनच्या आसपास पाणी आणि मिथेन दोघंही उजेड खातात आणि हबलला त्यांच्यातला फरक कळेना. तू विचारतोयस ती बातमी एप्रिल २०२५ ची, केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमची. डायमिथिल सल्फाइड हा वायू, जो आपल्याकडे मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांमुळे तयार होतो, त्याची खूण दिसल्याचं त्यांनी मांडलं, तेही थ्री सिग्माच्या भरवशावर (सिग्मा म्हणजे खूण निव्वळ योगायोगाची नाही याची खात्री मोजायचं माप, जितके जास्त तितकी खात्री पक्की), आणि फाइव्ह सिग्मा झाल्याशिवाय आमच्यात कोणी नक्की म्हणत नाही. दुसऱ्या लोकांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला तर खूण टिकेना. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही मिळालाय, तिथे कुठलं प्लवक?

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय माहितीये? मागच्या वर्षी माझ्या ग्रहावर मलाही पाणी दिसलं होतं. तीन महिने झोप नाही, ड्राफ्ट अर्धा लिहून झालेला, आईला फोनवर सांगूनही टाकलं. आणि मग लक्षात आलं की पाणी ताऱ्यावर आहे. खरंच, लाल बटू, म्हणजे छोट्या आणि थंड ताऱ्यांवरचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यात वाफेचे रेणू टिकतात, आणि त्या डागांची सही माझ्या ग्रहाच्या नावावर चढली होती. तो आकडा पुसला त्या दिवशी जेवण गेलं नाही रे. पण पुसला.

म्हणून पोरांना ती पाण्याचं मिथेन कसं झालं ती गोष्ट सांग, मला तीच जास्त आवडते. आणि एक काम कर, तुझी ती २००४ ची वही माळ्यावर असेल तर ठिपका सूर्याच्या कडेला टेकल्याचा टाइम लिहिलेलं पान शोध आणि फोटो पाठव. मला ते माझ्या टेबलासमोर लावायचंय.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
पक्या