जिग किती खाली?

प्रिय विन्या,

उत्तराला फार उशीर झाला, शिव्या फोनवर दे. आम्ही सगळे बरे, माझी शुगर ताब्यात. आता खरं काय ते ऐक. तुझ्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही. सुमीला सांगायला गेलो तर म्हणाली, "मासे किती मिळाले, तेवढं बोल."

इथे मिसिसिपीत ग्रेनेडा धरण आहे, १९५४ सालचं. पाणी आपल्या पावसाळी खाडीसारखं गढूळ. त्यात क्रॅपी म्हणून मासा: चपटा, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा. जवळच्या एनिड धरणाशी १९५७ साली ५ पौंड ३ औंसांचा पांढरा क्रॅपी लागला होता, तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोच्या वर. हसू नकोस, सुरमईवाल्या! या मासोळीने माझी झोप उडवलीय.

होडी अगदी हळू चालवायची. मागे सात-आठ काठ्या खोचलेल्या, प्रत्येकीला जिग: शिशाची गोळी, तिच्यातच गळ, वर रबरी शेपटी. बुडवायला वेगळं वजन नाही. मग जिग किती खाली चाललाय? दोरी किती सोडली, जाड की बारीक, गोळी १/१६ औंसाची की १/३२ ची आणि होडीचा वेग, या चारांवर सगळं. वेग वाढला की जिग वर, कमी झाला की खाली. इथले लोक ताशी १ मैलाच्या आसपास चालवतात. मागून वारा लागला की वेग दाखवणाऱ्या पडद्यावर १.३ दिसतो आणि तेवढ्यात सगळे जिग वर चढलेले असतात. काठीकडे बघून काही उमगत नाही. सोनार (मासे शोधायचं यंत्र) होडीखालचे मासे दाखवतो, पण जिग असतो ७०-८० फूट मागे!

आणि चूक खालच्या बाजूला झाली तर संपलंच. या माशाची नजर वर. डोक्यावरून गेलेला जिग तो उठून घेतो, पोटाखालून गेला तर सहसा ढुंकून बघत नाही. इथे मला आपलं देवबागचं भांडण आठवलं. तू शिसं तळाला टेकवून बसायचास आणि मी हातभर वर घेतलं की बोंबलायचास. आजोबा तुझ्याच बाजूने, "तळाक सोड रे!" तिथे तुमचं खरं होतं. शेंगटी काय, तांबोशी काय, तळाशीच लागायची. पण फेब्रुवारीत क्रॅपी मधल्या पाण्यात लटकलेला असतो. तेव्हा इथे माझं खरं, बरोबरी झाली.

परवा कामावरच्या म्हाताऱ्याबरोबर गेलो होतो. सकाळभर काही नाही. मग त्याने होडी डावीकडे वळवली. डाव्या काठ्यांची टोकं ढिली पडून सरळ झाली आणि लगेच त्यातल्या दोन धाडकन वाकल्या. उजवीकडे शुकशुकाट. विन्या, वळताना आतल्या बाजूचे जिग जवळजवळ थांबतात, म्हणून खाली बसतात. बाहेरचे जोरात ओढले जातात, म्हणून वर येतात. म्हणजे मासा आमच्या जिगांच्या फारच खाली होता! म्हाताऱ्याने न बोलता वेग ०.८ वर आणला आणि सरळ जातानाही लागायला लागले. हिसका मात्र द्यायचा नाही, तोंड कागदासारखं पातळ, फाटतं. खालून जाळी लावायची. १२ इंचांखालचा परत पाण्यात.

पण ऊन चढलं की मासा जागा बदलतो आणि सकाळी जुळवलेलं सगळं फुकट. वळण हे एकच माप माझ्या हातात आहे. पाणी तापलं की मासा अंडी घालायला काठच्या झुडपांत शिरेल, मग हा खेळ काही काळ बंद. म्हणून घाई आहे. आजोबा सुरमईला होडीमागून दोरी सोडायचे, बोटावर धरून "अजून वावभर" म्हणायचे. त्यांना ना सोनार ना पडदा. बोटाला नक्की काय लागायचं? ओढ, थरथर, की नुसतं दोरीचं तिरकेपण? तुला त्यांनी नक्की सांगितलं असणार, मी तेव्हा तुझ्याशी भांडत होतो.

दुकानाचं काय झालं? पमीचं ठरलं की लगेच कळव, तिकिटं महाग होतात. वहिनींना नमस्कार. होडीचं इंजिन मात्र विकू नकोस, आधी माझ्याशी बोल.

दोरीचं तेवढं नीट आठवून लिही. फोनवर नको, तू फोनवर निम्मं गाळतोस.

तुझा,
बाळ्या