मागच्या ऑर्डरची यादी कॉपी करू नका

महोदय,

भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांत मोटर स्टार्टर पॅनेल, म्हणजे मोटर सुरू-बंद करणाऱ्या आणि तिला जपणाऱ्या पेट्या, ऑर्डरबरहुकूम बनतात. सहा वेगवेगळ्या अश्वशक्ती, दोन प्रकारचे स्टार्टर, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) हवा की नको, ड्राय रन संरक्षण (पंप पाण्याविना चालू न देणारे) हवे की नको, एवढे धरले तरी ४८ वेगळी पॅनेल होतात. प्रत्येकाच्या भागांची यादी वेगळी, पण ४८ याद्या कोणीच सांभाळत नाही. मग मागच्या ऑर्डरची एक्सेल फाइल उघडून दोनचार ओळी बदलतात आणि तीच फिटरच्या हातात देतात. ही पद्धत घातक आहे.

१० अश्वशक्तीची ४१५ व्होल्टची मोटर पूर्ण भाराला साधारण १४ अँपिअर घेते. मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारा) तेवढ्यावरच लावतात. मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो बहुधा मेन काँटॅक्टरच्या (विजेवर चालणाऱ्या मुख्य स्विचच्या) खाली बसतो. तिथून फक्त वाइंडिंगचा प्रवाह जातो, म्हणजे ०.५८ पट, सुमारे ८ अँपिअर. डीओएलच्या यादीत दोन काँटॅक्टर आणि टायमर वाढवले, पण रिलेची ओळ तशीच राहिली, तरी पॅनेल कारखान्यातल्या चाचणीत व्यवस्थित चालते. ग्राहकाकडे भार वाढल्यावर रिले ट्रिप होत नाही आणि मोटर जळते.

उपाय महागडे सॉफ्टवेअर नाही. सगळ्या पर्यायांचे सगळे भाग असलेली एकच मूळ यादी ठेवावी आणि प्रत्येक ओळीपुढे तो भाग कधी लागतो ती अट लिहावी: 'स्टार-डेल्टा, १० अश्वशक्ती'. ऑर्डरचे पर्याय निवडून फिल्टर लावला की त्या पॅनेलची यादी तयार. जोडणीची पानेही अशीच पर्यायवार सुटी ठेवावीत आणि रिले किती अँपिअरवर लावायचा तो आकडा त्या जोडणीच्या पानावरच छापावा. मोटरला सहा टर्मिनल आहेत का, ती ४१५ व्होल्टला डेल्टात चालते का, हे ऑर्डर फॉर्मवरच विचारावे. तसे नसेल तर स्टार-डेल्टा लागूच होत नाही.

एक्सेलचा एक उपद्रव: भाग क्रमांक ००१२५ टाकला की १२५ उरतो, १०-१२ टाकला की तारीख होते. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा.

काँटॅक्टरची कंपनी बदलली आणि नवा त्याच भोकांत, त्याच वायरिंगला बसत असेल, तर भाग क्रमांक तोच ठेवून यादीचा रिव्हिजन (आवृत्ती) क्रमांक बदलणे पुरे. बसत नसेल तर भाग क्रमांकच नवा हवा. वायरमनने लाल पेनाने केलेली दुरुस्ती त्याच दिवशी तपासून मूळ यादीत चढवावी आणि जुन्या प्रती टेबलावरून गोळा कराव्यात. पॅनेल बाहेर पडताना त्याच्या अनुक्रमांकाची यादी पीडीएफ करून गोठवावी. पाच वर्षांनी सुटा भाग मागितला गेला, तर आत नेमके काय बसवले होते ते त्यावरूनच कळेल.

गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक आयएसओ ९००१:२०१५ याचे कलम ७.५ कागदपत्रांवर असेच नियंत्रण मागते. उद्योजक संघटनांनी ऑडिटच्या फाइली भरून घेण्याऐवजी सुपरवायझर आणि स्टोअरकीपर यांना शेजारी बसवून अशी एक यादी त्यांच्याकडून करून घ्यावी.

– पॅनेल उद्योगातील एक वाचक, पुणे