बोनस चढला, गाडीची किंमत उतरली, तरी प्रीमियम वाढला कसा?

पुणे, २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

विषय : खासगी मोटारीच्या पॉलिसी नूतनीकरणात झालेली प्रीमियमवाढ, न मागता जोडलेली कव्हर आणि वाढीचे दिलेले चुकीचे कारण

संदर्भ : १) २०२४-२५ च्या पॉलिसीचे शेड्यूल, २) नूतनीकरणाची नोटीस, ३) ग्राहक सेवा केंद्राचे ईमेल उत्तर

महोदय / महोदया,

संदर्भातील पॉलिसीची मुदत १९ सप्टेंबर २०२५ रोजी संपत आहे. गाडी पेट्रोलवरची, ११९७ सीसीची असून तिची नोंदणी सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्यात झाली आहे. पहिल्या दिवसापासून आजवर तिच्यावर एकही क्लेम नाही. गेल्या वर्षी सर्व करांसह ११,२३१ रुपये भरले होते. यंदाच्या नोटिशीत १५,८४३ रुपये मागितले आहेत, म्हणजे सुमारे ४१ टक्के जास्त. कारण विचारल्यावर आपल्या ग्राहक सेवा केंद्राने ईमेलवर एका वाक्यात उत्तर दिले : 'थर्ड पार्टीचे दर सरकारने वाढवले आहेत.'

हे उत्तर चुकीचे आहे. खासगी मोटारींचे थर्ड पार्टी दर, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचे दर, विमा कंपनी ठरवत नाही, केंद्राचे रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते. सध्याचे दर १ जून २०२२ पासून लागू आहेत : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७ रुपये. माझ्या गेल्या वर्षीच्या शेड्यूलवर थर्ड पार्टीसमोर ३,४१६ आहेत आणि यंदाच्या नोटिशीतही ३,४१६च आहेत. या रकान्यात एक रुपयाही वाढलेला नसताना ४,६०० रुपयांच्या वाढीचे खापर त्याच्यावर फोडले जाते, ही माझी पहिली तक्रार आहे. ज्याला ही विभागणी ठाऊक नाही तो ग्राहक 'सरकारनेच वाढवले तर काय करणार' म्हणून मुकाट्याने पैसे भरतो.

वाढ झाली आहे ती ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे वेगळे पैसे घेऊन जोडलेल्या जादा कव्हरमध्ये. नोटिशीच्या पहिल्या पानावर तिचा मागमूस नाही. पेमेंटच्या लिंकवर जाऊन 'तपशील पाहा' दाबल्यावर आकडे दिसतात, तेही निव्वळ. त्यामुळे उलटा हिशोब करावा लागला. तो खाली देत आहे. चूक असेल तर आकड्यांनिशी दाखवावी.

गेल्या वर्षी आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ४,८०,००० होती. यंदा गाडीने चार वर्षे पूर्ण केल्यामुळे घसारा ४० वरून ५० टक्क्यांवर गेला आणि आयडीव्ही ४,००,००० झाली. ८ लाखांच्या मूळ किमतीवर हे बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. आपल्या जुन्या शेड्यूलवर बेसिक ओन डॅमेज १५,७५८ रुपये दाखवला होता. भाग जाऊन पाहिला तर तो आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के येतो, म्हणजेच पुण्यासारख्या 'अ' झोनमधल्या, १००० ते १५०० सीसीच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या गाडीचा जुन्या टॅरिफमधला (दर खुले होण्यापूर्वीच्या ठरीव दरपत्रकातला) दर. त्यावर आपण ७० टक्के डिस्काउंट दिला होता. उरलेल्या ४,७२८ रुपयांवर ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जाऊन ३,०७३ रुपये राहिले.

त्याच दराने यंदाचा बेसिक १३,१३२ रुपये येतो. क्लेम नसल्याने बोनस ३५ वरून ४५ टक्के झाला आणि नोटिशीत तो ठळक हिरव्या अक्षरांत छापला आहे. निव्वळ ओन डॅमेज मात्र ३,६११ रुपये. या ३,६११ ला ०.५५ ने भागले की ६,५६६ येतात, आणि ६,५६६ म्हणजे १३,१३२ चे बरोबर निम्मे. याचा अर्थ डिस्काउंट ७० वरून ५० टक्क्यांवर आणला गेला. तो ७० वरच राहिला असता तर ओन डॅमेज २,१६७ रुपये झाला असता. म्हणजे चार वर्षे गाडी जपून चालवल्याबद्दल बोनसमध्ये दहा टक्के वाढवून दिले आणि तेवढ्यातच डिस्काउंटमधून १,४४४ रुपये काढून घेतले. यालाच आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले आहेत, त्यामुळे डिस्काउंट किती द्यायचा हा आपला अधिकार आहे, हे मला मान्य आहे. या मॉडेलचे सुटे भाग महागले असतील, पुण्यातले क्लेम वाढले असतील, तर तसे सांगून दर वाढवावा. मग घ्यायचे की दुसरीकडे जायचे ते ग्राहक ठरवेल. पण गेल्या वर्षी शेड्यूलवर असलेली डिस्काउंटची ओळ यंदाच्या नोटिशीतून गायब करून बोनसची ओळ तेवढी मोठी करायची, याला माहिती देणे म्हणत नाहीत.

आता अ‍ॅड-ऑन. गेल्या वर्षी तीन होती : झीरो डेप (सुट्या भागांवरचा घसारा न कापण्याचे कव्हर) २,४००, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्टसारख्या वस्तूंचा खर्च) ४८० आणि रोडसाइड असिस्टन्स १४९, एकूण ३,०२९ रुपये. यंदा पाच आहेत : झीरो डेप ३,६००, कन्झ्युमेबल्स ६००, रोडसाइड असिस्टन्स ३४९, इंजिन प्रोटेक्ट १,००० आणि किल्ली बदलण्याचे कव्हर ४२५, एकूण ५,९७४. शेवटची दोन कव्हर मी मागितलेली नाहीत. लिंक उघडली तेव्हा त्यांच्यापुढे आधीच टिक होती.

झीरो डेपविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, या वयाच्या गाडीला ते घ्यायलाच हवे. ते नसेल तर चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा कापला जातो, फक्त काचेवर कापत नाहीत. समजा बंपर ६,००० रुपयांचा, हेडलाइट ५,००० चा आणि बॉनेट ७,००० चे बदलले. १८,००० पैकी ३,०००, २,५०० आणि २,४५० असे ७,९५० रुपये ग्राहकाच्या खिशातून जातात, वर सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममध्ये ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम) १,००० रुपये. एका मध्यम धडकेत कव्हरचे पैसे वसूल होतात. तक्रार दराबद्दल आहे. गेल्या वर्षी हे कव्हर आयडीव्हीच्या ०.५ टक्के दराने दिले होते, यंदा ०.९ टक्के लावले आहेत. गाडीची किंमत ८०,००० रुपयांनी उतरली आणि तिच्यावरचे कव्हर दीडपट महागले. शिवाय वर्षाला दोनच क्लेमना झीरो डेप लागू होईल ही अट नोटिशीत कुठेही नाही, ती पॉलिसीच्या आतल्या पानांवर सापडते.

इंजिन प्रोटेक्टची गोष्ट वेगळी. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि चालकाने पुन्हा स्टार्टर मारला की इंजिनात पाणी ओढले जाते, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत पुराने झालेले नुकसान धरले जाते, पण हे नुकसान 'परिणामी' म्हणून नाकारतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले होते. तिथल्या, किंवा सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या गाडीमालकाने हे कव्हर डोळे मिटून घ्यावे. पण माझ्या गाडीला ते हवे की नको हे मी ठरवायचे, आपल्या संगणकाने नव्हे.

याखेरीज पगारी चालकासाठीचे ५० रुपये लावले आहेत. गाडीवर पगारी चालक नाही, तसे प्रपोजलमध्ये लिहिलेले आहे. मालक-चालकाचे सक्तीचे अपघात कव्हर म्हणून ३७५ रुपये लावले आहेत. माझ्याकडे १५ लाखांचे स्वतंत्र वैयक्तिक अपघात कव्हर आहे. तेवढे कव्हर आधीच असलेल्या माणसावर जानेवारी २०१९ पासून हे पुन्हा लादता येत नाही. गेल्या वर्षी घोषणापत्र देऊन ते वगळले होते आणि आपण ते मान्यही केले होते. रक्कम किरकोळ आहे, पण या प्रत्येक ओळीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी बसतो. एकूण वाढीतले सुमारे ७०० रुपये नुसता कर आहे.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने दोन गोष्टी सांगितल्या, त्या नोंदीवर घ्याव्यात. एक, 'आयडीव्ही ३,४०,००० करतो, प्रीमियम लगेच खाली येईल.' येईल खरा. ६०,००० ने आयडीव्ही उतरवली तर ओन डॅमेज ५४२, झीरो डेप ५४० आणि कन्झ्युमेबल्स ९० रुपयांनी घटतात, जीएसटी धरून सुमारे १,३८० रुपये वाचतात. पण गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर त्याच १,३८० रुपयांपायी ६०,००० रुपये कमी मिळतील. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ही मर्यादा ३ लाखांवरून २,५५,००० वर येते, म्हणजे दुरुस्त करून घेता आली असती अशी गाडीही भंगारात जायची शक्यता वाढते. ग्राहकाला यातले काहीच न सांगता आयडीव्ही उतरवणे ही सवलत नव्हे. बाजारात इतर कंपन्यांचे जे स्वस्त भाव दिसतात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हीच युक्ती असते. म्हणून मी आयडीव्ही ४ लाख, झीरो डेप आणि सक्तीची कपात १,००० या एकाच मापाने भाव मागवत आहे, आणि आपल्याकडूनही त्याच मापाने हवा आहे.

दुसरी गोष्ट : 'आज भरले नाही तर बोनस जाईल.' बोनस मुदत संपल्यापासून ९० दिवसांपर्यंत शाबूत राहतो. मुदतीनंतर नूतनीकरण करायचे तर गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या काळात गाडी रस्त्यावर काढणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खरा धोका हा आहे आणि तो सांगण्यासारखा आहे. त्याऐवजी मुदतीला जवळपास महिना शिल्लक असताना बोनसचा बागुलबुवा दाखवणे थांबवावे.

'स्वस्त कंपन्या क्लेमच्या वेळी पाठ फिरवतात, आम्ही भरवशाचे आहोत' असेही ऐकवण्यात आले. भरवसा महत्त्वाचा आहेच. मग त्याचा पुरावा प्रतिनिधीच्या तोंडी नको. प्रत्येक विमा कंपनीला सार्वजनिक प्रकटनात क्लेमचे आकडे एनएल-३७ मध्ये, किती क्लेम किती काळात निकाली निघाले ते एनएल-३९ मध्ये आणि तक्रारींचा हिशोब एनएल-४५ मध्ये द्यावा लागतो. आपले गेल्या चार तिमाहींचे हे तीन फॉर्म, त्यातली मोटारीची ओळ दाखवून, उत्तरासोबत जोडावेत. तसेच माझ्या पिनकोडच्या आसपास सध्या खरोखर चालू असलेल्या कॅशलेस गॅरेजची यादी द्यावी. संकेतस्थळावरच्या यादीतली काही गॅरेज फोन केल्यावर 'त्या कंपनीचे कॅशलेस बंद केले आहे' असे सांगतात.

माझी मागणी अशी. इंजिन प्रोटेक्ट, किल्ली, पगारी चालक आणि अपघात कव्हर काढून ४ लाखांच्या आयडीव्हीवर सुधारित नोटीस द्यावी, आणि तिच्यात बेसिक ओन डॅमेज, डिस्काउंट, बोनस व प्रत्येक अ‍ॅड-ऑनचा दर वेगळ्या ओळीत असावा. २,५०० आणि ५,००० रुपयांची ऐच्छिक कपात घेतल्यास किती फरक पडतो, तेही त्यातच दाखवावे. डिस्काउंट ७० वरून ५० वर का आला आणि झीरो डेपचा दर का वाढला, याचे कारण लेखी कळवावे. थर्ड पार्टी दरवाढीबद्दलचा ईमेल लेखी मागे घ्यावा. आणि बोनस ४५ टक्के असल्याचे पत्र आत्ताच द्यावे, म्हणजे दुसरीकडे जायची वेळ आली तर पडताळणीच्या नावाखाली अडवणूक होणार नाही.

तक्रार निकाली काढायला नियमाप्रमाणे आपल्याकडे १४ दिवस आहेत, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत. तोपर्यंत उत्तर आले नाही किंवा पुन्हा तेच एका वाक्याचे उत्तर आले, तर हा हिशोब जसाच्या तसा विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवला जाईल. देय प्रीमियमबद्दलचा वाद विमा लोकपालाच्या कक्षेत येतो. त्यामुळे महिन्याची मुदत उलटल्यावर पुण्याच्या लोकपाल कार्यालयातही अर्ज जाईल. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मधल्या काळात पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडून घेतली, तरी ही तक्रार मागे घेतली असे समजू नये.

उत्तर फोनवर नको, ईमेलवर किंवा टपालाने द्यावे.

आपला पॉलिसीधारक

सोबत : दोन्ही वर्षांच्या प्रीमियमचा तुलनात्मक तक्ता, २०२४-२५ चे शेड्यूल, नोटिशीच्या तपशील पानाचा स्क्रीनशॉट (आधीच टिक असलेल्या खुणांसह), ग्राहक सेवा केंद्राचा ईमेल, वैयक्तिक अपघात पॉलिसीची प्रत.