संत्या, राजाला तूच विचार

सांगली, विश्रामबाग

संत्या,

तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच. हे तुलाच लिहितोय कारण राजाचं सगळं तुलाच माहितीय. आमच्या कॉलेजात पोरांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकायचं चाललंय, झोप किती, हिंडणं-फिरणं किती, यावरून कोण खचतंय ते ओळखणार, आणि मीटिंगमध्ये हे ऐकताना मला सारखा आपल्या होस्टेलच्या दिवसांतला राजाच दिसत होता, मेसला येणं बंद, रात्रभर खोलीत लाईट.

हे हवेतलं नाही बरं का. अमेरिकेत डार्टमाउथ कॉलेजात 2013 ला 48 पोरांवर 10 आठवडे हेच करून बघितलं, ज्यांची झोप कमी, आसपास बोलणं कमी, त्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं जास्त निघाली. बोलणं रेकॉर्ड नव्हते करत, चाललंय का एवढंच बघायचे. म्हणजे खूण कळते. पण पोरं 48! परीक्षेसाठी जागणारा आणि आतून तुटलेला, दोघांचाही फोन पहाटे तीनला चालूच. तू तर तेव्हा पत्ते कुटत असायचास, तुझ्या नावानं रोज बोंब झाली असती.

माझा जीव अडकलाय पुढच्या गोष्टीत. फोनला कळलं, मग तो सांगणार कुणाला? इथं म्हणतायत थेट विभागप्रमुखाला आणि घरी मेसेज. आयर्विन पुलावरचं आपलं भांडण आठव, तू म्हणत होतास राजाच्या घरी सांगायचं नाही, मी म्हणत होतो सांगायचंच, लोक थांबून बघत होते. मी आजही तेच म्हणतो. पण आपण रात्रभर त्याच्याजवळ बसलो, त्याला विचारलं, मगच त्याच्या घरी आण्णांना सांगितलं ना? नुसता मेसेज गेला असता तर आण्णा कसे आले असते तुला माहितीय. आणि फोन घरी चुगली करतो हे एकदा कळलं की पोरं तो खोलीत टाकून जाणार, ज्याला खरी गरज आहे तोच आधी.

म्हणून लेखी देतोय, इशारा आधी त्या पोरालाच दिसू दे, सोबत टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर 14416, मग समुपदेशक. आणि ज्याला ॲप नको त्याला जबरदस्ती नाही. समुपदेशक तर 100 आणि वर विद्यार्थी असतील तिथं नेमाच असं सुप्रीम कोर्टानं 2025 मध्येच सांगितलंय, इथं ती खुर्ची रिकामी, मग इशारा आला तरी उठून त्या पोराच्या खोलीवर जाणार कोण?

घराचा स्लॅब पडला का? पोरीची दहावी ना यंदा, वहिनींना नमस्कार.

राजा येऊन चार शब्द बोलेल का? बागेच्या छाटणीत असेल, पण तुझं ऐकतो, तूच विचार. नको म्हणाला तर त्याचं नाव मी कुठंच काढणार नाही. मीटिंग सोमवारी आहे, त्याआधी फोन कर.

तुझा,
अव्या