चेन टोकापर्यंत लावलेली होती

बडोदे,
१७ जानेवारी

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

फोनवर हे सांगायला मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा बोलणं गराडू महाग झालेत आणि मांजरीला पिल्लं झालीत यावर जाऊन थांबलं. म्हणून पत्र. आई, आधी तू एकटीने वाच असं लिहिणार होते. मग म्हटलं नको, या घरात एकमेकांपासून लपवून फार झालं. दोघं मिळून वाचा. बाबा, लांबचा चष्मा नको, वाचायचा लावा.

आई, नाताळात तू माझं पवित्र शास्त्र, माझं बायबल उचललंस हे मला माहीत आहे. त्या कव्हरची चेन कोपऱ्यावर अडकते, म्हणून मी ती कधीच पुरती लावत नाही. तुम्ही गेल्यावर पाहिलं तर पार टोकापर्यंत लावलेली. आतल्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी जागेवरच होती, फक्त उलटी. तू एका शब्दाने विचारलं नाहीस. स्टेशनवर गालावरून हात फिरवलास, आणि इंदूरला जाऊन शुक्रवारचे उपास धरलेस. तेही मला बाबांकडून कळलं. "तुझी आई शुक्रवारी दिवसभर काही खात नाही, विचारलं की म्हणते नवस नाही, प्रार्थना आहे."

तर सांगते. गोळ्या डिप्रेशनच्या आहेत. रोज सकाळी एक, सात महिने झाले. त्या मी बंद करणार नाहीये. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ती आशा मनात नको.

जूनमध्ये एके दिवशी दूध उतू जात होतं. मी गॅससमोर उभी होते. साय वर येताना दिसत होती, भांड्याच्या कडेवरून ओघळ उतरताना दिसत होते, करपल्याचा वास येत होता, आणि बटण फिरवायला हात उचलत नव्हता. दुःख नव्हतं गं आई. रडूही नव्हतं. काळजी आपल्या घराला नवी नाही, माझ्या लग्नाची काळजी तर तू पंधरा वर्षं केलीस. पण काळजी करणाऱ्याला उद्याचं काहीतरी हवं असतं. मला काहीच नको होतं. ऑफिसात ताणही होताच, मार्चपासून दोघांचं काम एकटी करत होते. पण ताण सुट्टी घेतली की उतरतो. मी आठ दिवस सुट्टी घेतली आणि आठही दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले.

भिंतीकडे तोंड करून. बाबा, तुम्हाला कळलं असेल मी कुठे चाललेय. तिथे येतेच, जरा थांबा.

इथल्या एका प्रार्थना गटात मी हे थोडंसं बोलले होते. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, मनात कुठेतरी कबूल न केलेलं पाप असेल, शोध. मी शोधत बसले. चाळीशीतल्या बाईने शोधायचं ठरवलं तर सापडतं की! रात्री दोन-दोनपर्यंत शोधायचे. डॉक्टरांकडे गेले ती झोप पूर्ण उडाल्यावर. त्या गटात आता जात नाही. रविवारची उपासना चुकवत नाही, ती काळजी नको.

आपल्या बैठकीत कॅलेंडरच्या वर ते वचन टांगलेलं आहे, "उद्याची चिंता करू नका." लहानपणापासून मला ते रागावल्यासारखं वाटायचं, शाळेत 'बोलू नका' लिहितात तसं. जुलैत तो अख्खा अध्याय पुन्हा वाचला. आकाशातली पाखरं, रानातली भूकमळं, आणि शेवटी काय आहे? ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. म्हणजे दिवसाला दुःख असतं हे येशू मान्यच करतो. गेथशेमाने बागेत तो स्वतः म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि शिष्यांकडे काय मागितलं, तर माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. त्याच्यात पाप शोधायला कोण जाईल? स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा, बाबा. बाकीची स्तोत्रं रडून-ओरडून झालं की शेवटी वर येतात. ते येतच नाही, अंधारातच संपतं. तरी कोणी ते काढून टाकलेलं नाही, शास्त्रातच आहे.

आणि एलीया संदेष्टा! संडेस्कूलमध्ये तुम्ही आम्हाला कर्मेल डोंगर शिकवायचात, आकाशातून पडलेला अग्नी, फळ्यावर लाल खडूने. पुढचा अध्याय कधी शिकवला नाहीत. एवढा मोठा विजय मिळवून हा माणूस रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला विश्वास कमी पडला असं म्हटलं नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाल्लं, प्याला, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवण, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही. प्रश्न विचारले ते चाळीस दिवसांनंतर, डोंगरावर पोचल्यावर. मला ही गोळी त्या भाकरीसारखी वाटते. भाकर खाल्ली म्हणून एलीयाचा देवावर भरवसा नव्हता, असं कोणी म्हणत नाही.

बाबा, तुमचे लाडके उपदेशक स्पर्जनसाहेब घ्या. १८५६ मध्ये लंडनच्या एका भरलेल्या सभागृहात त्यांचं प्रवचन चालू असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. ते तेव्हा फक्त बावीस वर्षांचे होते. त्यानंतर जन्मभर त्यांना हे दुखणं अधूनमधून गाठत राहिलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही, पाळक व्हायला शिकणाऱ्या पोरांपुढे उघड बोलले. तुम्ही त्यांची वाक्यं दर रविवारी सांगायचात, पण हे कधी सांगितलं नाहीत.

आता तुमच्या मनातले प्रश्न. ही झोपेची गोळी नाही, तशी सवय लागत नाही. पण मनाने एकदम बंदही करायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात. पहिले दहा दिवस मळमळलं. फरक पडायला महिना लागला. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, म्हणून अजून घेतेय. पंधरा दिवसांनी एकदा समुपदेशक बाईंकडे जाते, त्या ख्रिस्ती नाहीत, प्रार्थनेबद्दल आदराने विचारतात. जेवते. खरंच जेवते, आई. सकाळी पोळीवाली येते, शनिवारी कमाटी बागेत चालायला जाते, येताना सेव-उसळ. गादी बदलली. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिलेली आहे. परवा उत्तरायणाला त्यांच्या गच्चीवर दिवसभर होते, बोट मांज्याने कापून घेतलं आणि खूप हसले. दूध आता उतू जात नाही. गेलं तरी बटण फिरवते.

आता बाबा, तुमच्याकडे.

मी दुसरीत होते. मिलला कुलूप लागलं ते १९९१ चा डिसेंबर, आणि त्यानंतरचं ते 'टायफॉइड'चं वर्ष. टायफॉइड सात महिने राहत नाही, हे मला मोठेपणी कळलं. ताप नव्हता. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचात, आणि आई दाराशी आलेल्यांना हळू आवाजात टायफॉइड सांगायची. मला वाटायचं मी पाढे चुकले म्हणून तुम्ही बोलत नाही. एकोणतीसचा पाढा मी तुमच्या पाठीला म्हणून दाखवला होता, आठवतं? तुम्ही वळला नाहीत, पण हात मागे करून माझी वेणी धरलीत. पाढा संपेपर्यंत सोडली नाहीत.

आणि मामा. रोज संध्याकाळी सायकल लावून यायचा, खाटेशेजारी बसून पेपर वाचायचा, चहा घ्यायचा, जायचा. चर्चमधले बाकीचे येऊन "विश्वास रखो, भैया" म्हणून जायचे. मामाने काहीच सांगितलं नाही. शास्त्रातल्या त्या दुःखी ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस नुसते जमिनीवर बसून होते, तोवर चांगलेच होते. बोलायला लागले तिथे बिघडलं. मामा असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तोच तुम्हाला स्कूटरवर घालून घेऊन गेला असता.

या नाताळात मी तुम्हाला पाहिलं. पहाटे साडेतीनला तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात अंधारात बसला होतात. "पोट साफ नाही" म्हणालात. दाढी दोन दिवसांची, आणि एरवी तुमच्या दाढी करण्यावरून मी रविवार ओळखायचे! तुमची वाजवायची पेटी नऊवारीत गुंडाळून माळ्यावर गेली, असं आई म्हणाली. जेवताना तुम्ही सहज बोलल्यासारखं बोललात, "आता त्याने बोलावून घेतलं तरी चालेल." आईने "काहीतरीच काय" म्हणून वरण वाढलं. मी ताटाकडे बघत राहिले, कारण एलीया नेमकं हेच म्हणाला होता.

माझ्यावर रागवा, पण तुमच्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडे गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. पलासियाजवळ, जिना नाही. म्हाताऱ्या माणसांना ही उदासी बऱ्याचदा पोटातून, गुडघ्यातून, विसरण्यातून बोलते असं माझे डॉक्टर म्हणाले. कदाचित थायरॉइड निघेल, कदाचित बी-१२ कमी असेल, ते आधी रक्तात बघतात. काहीच नसलं तर आपण छप्पन दुकानला जाऊन चहा पिऊन घरी येऊ, माझे पैसे गेले समजा. बाणगंगा म्हटलं की तिथलं मनोरुग्णालय आठवून लोक हसतात, मला माहीत आहे. हा त्या दवाखान्याचा प्रश्नच नाही. साध्या घराच्या तळमजल्यावरची खोली आहे, बाहेर बाकावर बसायचं, आपला नंबर आला की आत. पाळकसाहेबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलेलं नाही.

तुम्ही मला जबरदस्तीने कुठे नेलं नाहीत, मीही नेणार नाही. पण एकदा या. मी तुमच्या पाठीमागे बसते, वाटलं तर वेणी धरा.

आता कामाचं. आई, हे तुझ्यासाठी.

शुक्रवारचे उपास आजपासून बंद. साखरेची ती ग्लिमेपिराइड गोळी घेऊन उपाशी राहिलीस तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटून पडशील. प्रार्थना कर, पण पोहे खाऊन कर. तुझ्या प्रार्थनेवर माझा भरवसा आहे, तुझ्या साखरेवर नाही.

बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून ठेव. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे. या वयात त्यात डिप्रेशनची गोळी मिळाली तर कधीकधी रक्तातलं सोडियम उतरतं. डॉक्टरांना ते दिसायलाच हवं. तुझ्या-त्यांच्या सगळ्या गोळ्या तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. कारण विचारलं तर मांजर सांग.

ते "बोलावून घेतलं तरी" पुन्हा म्हणाले तर रागावू नकोस, विषय बदलू नकोस, वरण वाढू नकोस. शेजारी बस, विचार की असं खूप वाटतं का. विचारल्याने ते मनात भरत नाही. मग मला फोन, रात्री तीनला असला तरी. माझा लागला नाही तर १४४१६, मनाच्या मदतीचा सरकारचा नंबर आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. कॅलेंडरवर मोठ्या आकड्यात लिहून ठेव, त्या वचनाच्या खाली चालेल.

बाबांनी सकाळी उन्हात निदान कोपऱ्यापर्यंत जायचं. कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की बादली त्यांच्या हातात दे. एवढं काम ते नाही म्हणणार नाहीत, शहराच्या स्वच्छतेतल्या नंबराचा त्यांना फार अभिमान आहे.

हे सगळं वाचून फार हुकूम सोडल्यासारखं वाटलं असेल. तुमच्यावरच गेलेय.

बाबा, मी लपवलं ते तुमची लाज वाटली म्हणून नाही. तुम्ही तेव्हा लपवलंत, आईने झाकलं, मला वाटलं आपल्याकडे हे असंच करतात. तुमचा दोष नाही. १९९२ मध्ये कोण कुणाला सांगणार होतं! सात माणसांचं पोट त्या खाटेवर होतं. तरी एक दिवस तुम्ही उठलात, दाढी केलीत आणि मला शाळेत सोडायला आलात. रस्त्यात जिलेबी घेतली होती. मी तेव्हा विचारलं नाही की आता कसं वाटतंय. गुरुवारी विचारणार आहे.

बुधवारी सकाळी अवंतिका एक्सप्रेसने येतेय. स्टेशनवर कोणी यायचं नाही, थंडी आहे, मी रिक्षाने येईन. माझा जिरावण मसाला संपलाय, एक डबा भरून ठेवा. आणि बाबांना म्हणावं, पेटी माळ्यावरून उतरवू नका, पाय घसरेल. मी आले की काढते.

तुमची,
छकुली