कुरडईतले सहा रोज

समुद्रपूर तालुका, जि. वर्धा
वैशाख

प्रिय सखे,

फोनवर आपण बोलतोच, पण ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही. मध्येच रेंज जाते आणि माझा रागही तिच्यासोबत निघून जातो. म्हणून लिहिते आहे.

यंदा आमच्या बचत गटानं वाळवणाचं काम धरलं. गटात दहा जणी. कुणी मुगवड्या घालतं, कुणी सरगुंडे वळतं, आम्हा चौघींकडे कुरडया. तुझ्या आईच्या अंगणात आपण वाट्या घेऊन गरम चिकासाठी बसायचो, आठवतं? वर तेलाची धार आणि तिखट. तेव्हा चीक म्हणजे मजा होती. आता मला त्यातली मेहनत कळते. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून फडक्यातून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चारला चूल पेटवून आधण ठेवायचं. एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं घाटायचा, हात थांबला की गाठी झाल्याच. ऊन तापायच्या आत सगळा सोऱ्यातून पाडून मोकळं व्हायचं. दोन दिवस माझा उजवा खांदा वर होत नाही.

हिंगणघाटचा एक व्यापारी आला. कुरडई मोडून पाहिली, तळायला लावली, दोन खाल्ल्या आणि म्हणाला, १८० रुपये किलो. आम्ही खूश! एकगठ्ठा माल जाणार, रोख मिळणार. मी वही काढली. दहा किलो गहू ३२० रुपये, सरपण नि गॅस मिळून १५०, मीठ-हिंग-तेल ८०, पिशव्या ६०. झाले ६१०. दहा किलोच्या कुरडया पाच किलो भरतात, म्हणजे ९०० आले. २९० नफा. अध्यक्षबाई टाळी वाजवणार, तेवढ्यात शेजारची वहिनी म्हणाली, “अन् आपली मजुरी कोठी गेली वो याच्यात?”

सगळ्या गप्प. मग सासूबाईच बोलल्या, “घरचंच काम होय, त्याची कायची मजुरी?”

वहिनीनं सोडलं नाही. “निंदाले गेली असती तर दोनशे भेटले असते का नाही?” आम्ही बोटांवर मोजत बसलो. चौघी, प्रत्येकीचा दीड दिवस, म्हणजे सहा रोज. २९० ला सहानं भाग. दिवसाला पन्नास रुपयेसुद्धा नाहीत! तुला खोटं वाटेल, पण मला रडूच आलं. पंधरा वर्षं मी कुरडया करते, दुसऱ्यांच्या लग्नाच्या रुखवतातही दिल्या, पण हे गणित कधी मांडलं नव्हतं. सहा रोजांचे १२०० धरले तर किलोला ३६० च्या वर पडतं.

प्रशिक्षणात आम्हाला लिज्जतची गोष्ट सांगितली होती. १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सांगणारा ८० रुपयांवरच थांबला होता, सगळे तिथंच थांबतात. मला मात्र आता दुसरीच गोष्ट आठवली. तिथं पीठ एका जागी मळतात, बायका ते घरी नेऊन लाटतात, आणि पापड जमा केले की वजनावर लाटण्याची मजुरी हातात पडते. मजुरी आधी, नफा मागून. आमच्याकडे उलटं. चीक मात्र आम्हीही आता एकाच चुलीवर शिजवतो, त्यामुळे मीठ कमी-जास्तची भांडणं मिटली.

दरावर दोन बैठका झाल्या. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या महाग कुरडया कोण घेणार? त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. शेवटी ३४० ठरले. वीस रुपये अजून आमच्याच पदरचे जातात. व्यापारी हसला आणि गाडी घेऊन निघून गेला. त्याच आठवड्यात अवकाळी आला. अर्धवट वाळलेला घाणा आम्ही पंख्याखाली पसरला, तरी बुरशी धरली. तो गाईला घातला. त्या रात्री बऱ्याच जणी माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता वर्ध्याला प्रदर्शनात थोडा माल गेला, थोडा पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांकडे. डब्यात अकरा किलो अजून आहेत. पिशवीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर छापून आला, तो पाहायला सासूबाईंनी चष्मा लावला. सरकारी योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. ते घेऊन ड्रायर आणावा असं वहिनीचं म्हणणं. मी म्हणते, आधी हे अकरा किलो विकू.

भाऊ पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतो आहे. त्याच्यासोबत दोन किलो पाठवते. त्याचे ६८० झाले, त्याच्याच हाती दे. वाण्याच्या वहीसारखं लिहिताना हात अडखळला, पण वहिनी शेजारीच बसली आहे.

तुझीच,
सखी