निवृत्तीच्या वयाची पाचर

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे झोकदार. इजिप्त, ट्युनिशिया, नेपाळ, बांगलादेश असे चार देश एका दमात आटोपून, जमाव राजवट पाडू शकतो पण लोकशाही उभारू शकत नाही, कारण ती त्या समाजांच्या मानसिकतेतच नसते, असा निकालही आपण देऊन टाकलात. मानसिकता हा शब्द फार सोयीचा आहे. तो वापरला की कोणत्या देशात कोणते कलम कधी बदलले, हे बघायचे कष्ट वाचतात.

बांगलादेशाला आपण जेमतेम चार ओळी दिल्यात आणि त्याही ऑगस्ट २०२४ पासून, म्हणजे शेख हसीना यांची राजवट पडली तिथून, सुरू केल्यात. त्याआधी ढाक्यात जणू कोणी रस्त्यावर उतरलेच नव्हते! लष्करशहा राष्ट्रपती हुसेन मुहम्मद इर्शाद यांना ६ डिसेंबर १९९० रोजी कोणी घालवले? लोकांनीच. आणि ते पायउतार कसे झाले हे बघण्यासारखे आहे. आधी उपराष्ट्रपती मौदूद अहमद यांनी राजीनामा दिला. त्या रिकाम्या जागी सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांची नेमणूक झाली. मग इर्शाद यांनी आपला राजीनामा त्यांच्या हाती ठेवला. रस्ता पेटलेला असताना घटनेचा धागा मात्र तुटू दिला नाही. निवडणूक उरकली की मला माझ्या न्यायासनावर परत जाऊ द्या, अशी शहाबुद्दीन यांची अट होती. त्यासाठी खास अकरावी घटनादुरुस्ती करावी लागली, ती केली गेली आणि गृहस्थ खरोखर परत गेले.

२७ फेब्रुवारी १९९१ च्या निवडणुकीत बीएनपीला (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) सुमारे ३१ टक्के मते आणि ३०० पैकी १४० जागा मिळाल्या. अवामी लीगला ३० टक्के मते आणि ८८ जागा. घटना बदलायला लागणारे दोन तृतीयांश संख्याबळ कोणाकडेच नव्हते. म्हणून अध्यक्षीय पद्धत मोडून संसदीय पद्धत आणणारी बारावी दुरुस्ती ऑगस्ट १९९१ मध्ये दोघांना मिळून करावी लागली. ती संसदीय पद्धत आजवर टिकून आहे. पुढे १९९६ आणि २००१ या दोन्ही निवडणुकांत सत्तेतला पक्ष हरला आणि, कुरकुरत का होईना, खुर्ची सोडून गेला. मानसिकतेत नसलेली लोकशाही ही दहा वर्षे कुठून आली, ते अग्रलेखात शोधले. सापडले नाही.

ती मोडली ती एका विशिष्ट ठिकाणी. मार्च १९९४ मध्ये मागुरा इथल्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी बीएनपीने उघड गैरप्रकार केल्याचा आरोप झाला आणि निवडणुकीपुरते निष्पक्ष सरकार हवे ही मागणी पेटली. डिसेंबरअखेर विरोधी खासदारांनी घाऊक राजीनामे दिले. १५ फेब्रुवारी १९९६ ला विरोधकांच्या बहिष्कारात एक लुटुपुटूची निवडणूक झाली आणि तिच्यातून आलेल्या, काही दिवसांचेच आयुष्य लाभलेल्या संसदेने मार्चअखेर घाईघाईत तेरावी दुरुस्ती मंजूर केली. संसद विसर्जित झाली की ९० दिवसांत निवडणूक घेण्यासाठी एक मुख्य सल्लागार आणि जास्तीत जास्त दहा सल्लागार असलेले काळजीवाहू सरकार. तिकडे त्याला तत्त्वावधायक सरकार म्हणतात.

आता मुख्य सल्लागार कोण? इथेच मेख होती. पहिला मान सर्वांत अलीकडे निवृत्त झालेल्या सरन्यायाधीशाचा. तो नसेल किंवा नको म्हणाला तर त्याच्या आधीचा. तोही नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या अपिलीय विभागाचा शेवटचा निवृत्त न्यायाधीश, मग त्याच्या आधीचा. तेही जमले नाही तर राष्ट्रपतींनी पक्षांशी बोलून निवडलेला नागरिक. आणि अगदीच काही जमले नाही तर राष्ट्रपती स्वतः. नव्वदमध्ये एका सरन्यायाधीशाने काम चोख केले, म्हणून तोच साचा कायमचा ओतला. पण नव्वदमधला माणूस सर्वांनी मिळून निवडला होता. इथे तो कॅलेंडरने निवडायचा होता. पुढच्या निवडणुकीच्या दिवशी शेवटचा निवृत्त सरन्यायाधीश कोण असेल, याचा हिशेब कोणतेही सरकार पाच वर्षे आधी बोटांवर करू शकते. म्हणजे निवडणुकीचे राजकारण न्यायाधीशांच्या नेमणुकांत आणि जन्मतारखांत शिरणार, हे ठरल्यासारखेच होते. सैन्याचा ताबा त्या ९० दिवसांत सल्लागाराकडे न देता राष्ट्रपतींकडे ठेवला, ही दुसरी फट. मे १९९६ मध्येच राष्ट्रपतींनी लष्करप्रमुखांना बडतर्फ केले तेव्हा ढाक्यावर बंडाचे सावट आले होते. त्या वेळी निभावले.

२००१ मध्ये बीएनपीला ४१ टक्के मतांवर १९३ जागा मिळाल्या. अवामी लीगला ४० टक्के मतांवर ६२! हे आकडे दोनदा वाचावेत. मतांतला फरक एका टक्क्याच्या आसपास, जागांतला १३१. मित्रपक्ष धरून बीएनपीकडे दोन तृतीयांशाहून जास्त संख्याबळ आले. त्यात तिथल्या घटनेच्या कलम ७० नुसार पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची जागाच जाते. म्हणजे दोन तृतीयांश खासदार म्हणायचे, पण सही एकाच व्यक्तीची. संसदेचे सभागृह एकच, वरिष्ठ सभागृह नाही.

मे २००४ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. वरवर पाहता ती महिलांसाठी ४५ राखीव जागा आणि सरकारी कचेऱ्यांत कोणाच्या तसबिरी लावायच्या यांविषयी होती. त्याच कागदात एक ओळ होती: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६५ ऐवजी ६७. निरुपद्रवी वाटते ना? के. एम. हसन त्याच वर्षी जानेवारीत सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले होते. वय ६५ च राहिले असते, तर त्यांच्यानंतरचे सय्यद जे. आर. मुदस्सिर हुसेन २००५ मध्ये निवृत्त झाले असते आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ‘शेवटचे निवृत्त’ हसन उरले नसते. वय ६७ केल्याने हुसेन २००७ पर्यंत पदावर राहिले आणि हसन रांगेत पहिले. हसन पूर्वी बीएनपीत होते हा अवामी लीगचा आक्षेप होता. ही पाचर ठोकली गेली तेव्हा कायदामंत्री कोण होते? मौदूद अहमद. नव्वदमध्ये सरन्यायाधीशांसाठी जागा मोकळी करून देणारे तेच गृहस्थ! एवढी बोलकी गोष्ट मानसिकतेच्या ढिगाखाली पुरून टाकायची म्हणजे कमाल आहे.

पुढचे कोसळणे क्रमवार आहे. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस ढाक्यात रस्त्यावर माणसे मेली. हसन यांनी ऐनवेळी नकार दिला. मधल्या पायऱ्यांवर कोण उपलब्ध आहे याचा वाद मिटायच्या आत राष्ट्रपती इयाजुद्दीन अहमद यांनी २९ ऑक्टोबरला मुख्य सल्लागारपदाची शपथ स्वतःच घेतली. त्यांना राष्ट्रपती केले होते बीएनपीच्या बहुमताने. मतदारयादी इतकी फुगलेली होती की पुढे २००८ मध्ये छायाचित्रांसह नवी यादी झाली तेव्हा सुमारे ८ कोटी १० लाख मतदार निघाले आणि आधीच्या यादीतली एक कोटीहून अधिक नावे जास्तीची ठरली. निवडणूक २२ जानेवारी २००७ ला व्हायची होती. विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि ११ जानेवारीला आणीबाणी आली. सैन्याच्या पाठिंब्याचे सरकार ९० दिवसांऐवजी जवळजवळ दोन वर्षे बसले.

मग डिसेंबर २००८. या वेळी अवामी लीगला ४८ टक्के मतांवर २३० जागा, बीएनपीला सुमारे एक तृतीयांश मतांवर ३०. पुन्हा दोन तृतीयांश, पुन्हा एकाच हाती. अपिलीय विभागाने मे २०११ मध्ये तेरावी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, पण पुढच्या दोन निवडणुका त्या पद्धतीने घेता येतील असेही त्या संक्षिप्त आदेशात म्हटले होते. संसदेने पहिला भाग उचलला, दुसरा सोडून दिला आणि सविस्तर निकालपत्र यायची वाटही न बघता ३० जून २०११ ला पंधराव्या दुरुस्तीने काळजीवाहू सरकार काढून टाकले. ज्या अवामी लीगने त्यासाठी देश बंद पाडला होता तिनेच ते मोडले. ज्या बीएनपीने ते नाइलाजाने आणले आणि मग पोखरले, तीच आता त्यासाठी रस्त्यावर. जानेवारी २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या. म्हणजे मतपेटी उघडायच्या आधीच बहुमत झालेले. तिथून ५ ऑगस्ट २०२४ पर्यंतचा रस्ता सरळ आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून ही तरतूद पुन्हा जिवंत केली. तिच्याबरोबर शेवटच्या निवृत्त सरन्यायाधीशाचा नियमही जसाच्या तसा परत आला, तर जन्मतारखांचा हिशेब पुन्हा सुरू होईल.

ट्युनिशियाचेही तेच. २०१४ च्या घटनेने बारा सदस्यांचे घटना न्यायालय वर्षभरात नेमायला सांगितले. संसदेच्या वाट्याच्या चार जागांसाठी २१७ पैकी १४५ मते लागत. सात वर्षांत त्या चारपैकी एकच जागा भरली. २५ जुलै २०२१ ला राष्ट्रपती कैस सईद यांनी कलम ८० वापरून संसद गोठवली. तीस दिवसांनी ते योग्य की अयोग्य हे ज्या न्यायालयाला विचारायचे, ते अस्तित्वातच नव्हते. आता यात अरबांच्या मानसिकतेचा संबंध काय?

आणि क्रांतीतून लोकशाही टिकतच नाही म्हणता, तर पोर्तुगाल का गाळलात? निदान गोवा आवृत्तीत तरी हे शोभत नाही. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैनिकांनी राजवट उलथली, लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. १९७६ च्या घटनेत सैनिकांची क्रांती परिषद सरकारच्या डोक्यावर होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती बरखास्त झाली आणि घटना न्यायालय आले. तिथे जागा मतांच्या प्रमाणात वाटतात. आजवर एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर दोन तृतीयांश मिळालेले नाहीत. घटनेला हात लावायचा तर प्रतिस्पर्ध्याच्या दारात जावेच लागते. ढाक्यात १९९१ साली नेमके हेच घडले होते, मतदारांच्या कृपेने. लिस्बनमध्ये ते निवडणूक पद्धतीनेच घडते.

जाता जाता एक. अग्रलेखाशेजारच्या छायाचित्रात उघड्या अंगावर रंगाने घोषणा लिहिलेला जो तरुण आहे, त्याच्याखाली ‘२०२४ मधील आंदोलक’ असे छापले आहे. तो नूर हुसेन. इर्शाद यांच्या पोलिसांच्या गोळीने १० नोव्हेंबर १९८७ ला ढाक्यात मारला गेला. त्याच्या पाठीवर ‘लोकशाही मुक्त होवो’ या अर्थाचे बंगाली शब्द आहेत आणि ते छायाचित्रात स्वच्छ वाचता येतात. त्याच पानावर सराफांच्या दोन जाहिरातींना पाऊण पान मिळाले आहे आणि त्यांत दागिन्याच्या वजनाचा एक मिलिग्रॅमही चुकलेला नाही. दुरुस्ती पहिल्या पानावर मागत नाही. त्याच पानावर, छायाचित्रासह, चूक ज्या आकाराच्या अक्षरांत छापली त्याच आकारात छापावी.

आपला,
एक वर्गणीदार, फोंडा